गाडी मोठी नको, लादणी नेटकी हवी

माल कितीला घेतला आणि कितीला विकला, याचा हिशेब प्रत्येक व्यापारी ठेवतो. पण माल गाडीत कसा चढला आणि कसा उतरला, याचा हिशेब ठेवणारे थोडेच. आम्ही गेली तीस वर्षे कापडाच्या गाठी चढवीत-उतरवीत आलो आहोत. आमचा तजुर्बा असा, की खराब लादणीत आधी माणसाची कंबर जाते, मग गाडी आणि शेवटी नफा.

आमचा एक भाचा मालवणात आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रात पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचे, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचे काम तो करतो. हवेचे सिलिंडर, शिशाची वजने, जाकिटे असे सारे सामान तो आपल्या लहान मोटारीतून किनाऱ्यावर नेई. मागची सीट पाडायची आणि सिलिंडर नुसते आत ठेवून द्यायचे, ही त्याची रीत. एके दिवशी रस्त्यात म्हैस आडवी आली. त्याने ब्रेक दाबला आणि मागचा सिलिंडर घरंगळत येऊन पुढच्या सीटच्या पाठीवर आदळला. शेजारी बसलेल्या कामगाराच्या पाठीला मार लागला आणि पंधरा दिवस त्याची रोजी बुडाली. मग भाचा आमच्याकडे आला. म्हणाला, "मामू, तुम्ही जन्मभर गाठी लादल्या, आता माझी गाडी लावून द्या." त्या कामात आम्ही जे शिकलो, ते येथे क्रमाने मांडत आहोत.

पहिला धडा : वजन कागदावर मांडा

भाच्याला मोठी गाडी घ्यायची होती. आम्ही आधी तराजू मागितला. या कामात नेहमी वापरला जाणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर हवेसह सुमारे 17 किलो भरतो. सहा सिलिंडरचे झाले 102 किलो. माणशी 6 किलो शिसे धरले, तर 36 किलो. जाकीट, श्वासाची नळी, पायातले पंख, अंगातला रबरी पोशाख मिळून माणशी 10 किलो, म्हणजे 60 किलो. एकूण जवळजवळ 200 किलो. म्हणजे तीन माणसे गाडीत आधीच बसली! पाच माणसांच्या लहान गाडीत मग चालक आणि एक सोबती, एवढीच जागा उरते. भाचा याशिवाय तीन गिऱ्हाईके कोंबीत होता. दोष गाडीचा नव्हता, हिशेबाचा होता.

भार वाढला की चाकात हवा किती भरायची, याची पट्टी बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळ चिकटवलेली असते. ती वाचून हवा भरावी. मागे भार पडला की गाडीचे नाक वर उठते, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि सुकाणू हलके पडते.

दुसरा धडा : जड खाली आणि पुढे

गाठी लादताना जड गाठ तळाला आणि हलकी वर, हे आपल्याकडचे पोरही जाणते. येथेही तेच. शिशाची वजने प्लास्टिकच्या लहान क्रेटमध्ये भरून पुढच्या सीटच्या पाठीला अगदी लागून खाली ठेवावीत. एका क्रेटमध्ये 15 किलोपेक्षा जास्त भरू नये. नाहीतर उचलणाऱ्याची कंबर धरते. त्यामागे सिलिंडर आणि सर्वांत मागे दाराशी हलके, ओले सामान. टपावर जड काही ठेवू नये. वळणावर गाडी कलते.

तिसरा धडा : सिलिंडरला खाच पाहिजे

हा सिलिंडर साधारण 18 सेंटिमीटर जाड आणि 66 सेंटिमीटर लांब असतो. सुताराकडून मरीन प्लायच्या दोन उभ्या फळ्या घेऊन त्यात अर्धगोल खाचा कापाव्या आणि खाचांना रबर लावावे. सिलिंडर त्यात गाडीच्या रुंदीला आडवे झोपवावे, म्हणजे ते घरंगळत नाहीत आणि तोंड पुढे करून माणसांकडे सुटत नाहीत. तोटीवर कशाचाही दाब येऊ देऊ नये. आत 200 बार दाब असतो, गाडीच्या चाकातील हवेच्या सुमारे शंभर पट. बंद गाडी उन्हात तापून हवा 27 अंशांवरून 67 अंशांवर गेली, तर तोच दाब 227 बारच्या आसपास जातो. म्हणून गाडी सावलीत उभी करावी आणि काच थोडी उघडी ठेवावी.

चौथा धडा : पट्टा कोणत्या धाग्याचा?

येथे आमचा कापडाचा धंदा कामी आला. भाचा नायलॉनच्या दोरीने बांधीत होता. नायलॉन ताणला जातो, ओला झाला की आणखी सैल पडतो. पॉलिएस्टरचा विणलेला पट्टा फार कमी ताणतो. खटक्याने आवळणारा पॉलिएस्टरचा पट्टाच घ्यावा आणि तो गाडीच्या तळाशी पक्क्या कडीत अडकवावा. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून थांबली, तर न बांधलेली वस्तू जवळजवळ 10 मीटर उंचीवरून पडल्याच्या वेगाने पुढे येते. तिसऱ्या मजल्यावरून सिलिंडर डोक्यावर पडला, असे समजा.

ओल्या सामानाच्या पिशव्या सुती कॅनव्हासच्या शिवू नयेत. खारट ओलीने सूत कुजते. पीव्हीसी लेपाचे पॉलिएस्टर कापड, तळाला जाळी, धागा पॉलिएस्टरचा आणि चेन प्लास्टिकची वापरावी. गाडीच्या तळावर कडा उचललेली रबरी चटई घालावी. नाहीतर खारे पाणी पत्रा खाते.

पाचवा धडा : कायद्याची मर्यादा

नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये तशी मनाई आहे. म्हणून सीट कायमची काढू नये, सांगाडा कापू नये. आम्ही सारी चौकट सुटी ठेवली आहे. चार पट्टे सोडले की ती बाहेर येते आणि संध्याकाळी त्याच गाडीत भाच्याचे घरचे लोक बसतात.

आता कारागीर बंधूंसाठी दोन शब्द. या कामात सुतार, तडपत्री शिवणारा आणि सीट-कव्हरवाला अशा तिघांना रोजी आहे. पावसाळ्यात समुद्रातले हे काम बंद असते. त्या महिन्यांत गाड्या मोकळ्या असतात, तेव्हाच ऑर्डर मागावी. माप घेण्याआधी मालाचे वजन विचारावे.

भाच्याच्या गाडीत आज सहाच सिलिंडर जातात आणि गिऱ्हाईके दुसऱ्या वाहनाने येतात. एका फेरीचे भाडे वाढले, हे खरे. पण तो कामगार पुन्हा त्याच सीटवर निर्धास्त बसतो. आमच्या हिशेबात ही बाजू जमेची आहे.