वाचकांचे प्रश्न : मेंदूची इजा, कायदा आणि अडीच लाखांची सही

प्रश्न : माझे यजमान (वय ३८) एका खाजगी कारखान्यात फोरमन आहेत, पगार दरमहा ३०,००० रुपये. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या मोटारसायकलीला एका ट्रकने मागून ठोकरले. डोक्याची शस्त्रक्रिया झाली, बरेच दिवस ते बेशुद्ध होते. आता हिंडतात-फिरतात, बोलतात. पण सांगितलेले विसरतात, किरकोळ कारणावरून मुलांच्या अंगावर धावून जातात आणि साधा किराण्याचा हिशेब त्यांना जमत नाही. अमेरिकेत असलेला माझा भाचा म्हणतो की तिकडे मेंदूच्या इजेवरील संशोधन व पुनर्वसन यांसाठी १९९६ पासून स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा कायदा आहे काय? असल्यास मदतीचा अर्ज कोठे करावा? यजमानांकडून कुलमुखत्यारपत्र करून घ्यावे काय? एक एकर विकून मूळपेशींचे उपचार करावेत, असे दीर म्हणतात.
ता. क. : विमा कंपनीचे अधिकारी पुढील गुरुवारी अडीच लाखांच्या तडजोडीचे कागद घेऊन येणार आहेत. यजमान सही करायला तयार आहेत.
— एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा मजकूर आपण ता. क. म्हणून लिहिला आहे. त्याकडे वळण्यापूर्वी मूळ प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते थोडक्यात देता येण्याजोगे आहे.

आपल्या भाच्याचे म्हणणे खरे आहे. अमेरिकेत १९९६ साली मेंदूच्या आघातजन्य इजेसंबंधी संघीय कायदा झाला आणि पुढे त्याचे वेळोवेळी नूतनीकरण होत गेले. परंतु त्या कायद्याने संशोधनाला, रुग्णांच्या गणनेला आणि राज्यांच्या सेवायोजनांना अनुदान मिळते, एखाद्या जखमी इसमाच्या हातावर दमडी पडत नाही. आपल्याकडे केवळ या इजेसाठी वेगळा कायदा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २७ मध्ये पुनर्वसनाचे व कलम २८ मध्ये संशोधनाचे कर्तव्य शासनावर टाकलेले आहे खरे, पण पुनर्वसनाच्या कलमात ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि वकील माणूस ते शब्द आधी वाचतो. त्या अधिनियमाच्या अनुसूचीत २१ प्रकारची अपंगत्वे आहेत. मेंदूची इजा हे नाव त्यांत स्वतंत्रपणे नाही, म्हणून दाखला मिळतो तो इजेच्या परिणामाचा : वाचा गेली असेल तर वाचेचा, हातपाय लुळे पडले असतील तर त्यांचा. तो दाखला अवश्य काढा आणि मुंबईस हाजीअलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत यजमानांना एकदा दाखवून आणा. शासनाकडे निवेदन पाठवावयाचे तर खुशाल पाठवा. मात्र त्याच्या उत्तराची वाट पाहत गुरुवार येऊ देऊ नका.

आता तो गुरुवार. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि संबंधित तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून अमलात आल्या. त्यांतील कलम १६४ असे सांगते की चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये भरपाई मागता येते. ऐकावयास ही तरतूद दयाळू वाटते, आणि जिथे जखमी माणसाचीच चूक असेल किंवा पुराव्याचा मागमूस नसेल तिथे ती उपयोगाचीही आहे. परंतु कलम १६६ ला त्याच दुरुस्तीने एक परंतुक जोडले गेले, आणि ज्या कुटुंबांचा नाश झालेला मी पाहिला त्यांतील बहुतेकांनी ते सही झाल्यानंतरच वाचले : कलम १४९ च्या प्रक्रियेने कलम १६४ ची रक्कम जो स्वीकारील, त्याचा न्यायाधिकरणापुढील पूर्ण भरपाईचा अर्ज आपोआप संपुष्टात येतो. त्याच कलम १४९ अन्वये विमा कंपनीचा नियुक्त अधिकारी अपघाताची वार्ता मिळाल्यापासून ३० दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव ठेवू शकतो. म्हणजे ज्या काळात घरच्यांना रुग्णाच्या शुद्धीपलीकडे काही सुचत नाही, नेमक्या त्याच काळात त्यांच्यापुढे कागद येतो. आपल्याकडे तो उशिरा येत आहे, एवढेच आपले भाग्य. अधिकारी सज्जन असतील, बोलणेही गोड असेल. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. ते आपले काम करीत आहेत, आपण आपले करावे.

काय सोडले जाते याचा हिशेब करून पाहा. सर्वोच्च न्यायालयाने ३६ ते ४० या वयासाठी १५ हा गुणक ठरविलेला आहे. दरमहा ३०,००० म्हणजे वर्षाचे ३,६०,०००. यजमान यापुढे फोरमनचे काम करूच शकणार नाहीत असे सिद्ध झाले तर केवळ उत्पन्नाची हानी ५४ लाख होते, आणि निम्मी क्षमता गेली असे ठरले तरी २७ लाख. भावी वेतनवाढ, औषधोपचार, परिचारकाचा खर्च आणि यातनांची भरपाई हे सारे त्याहून वेगळे. २०२० च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, जिच्या मेंदूला अपघातात कायमची इजा झाली होती, परिचारकांचा खर्चही गुणक लावून मंजूर केला आणि एकूण भरपाई ६२ लाखांवर नेली. ही मुलगी अडीच लाखांत मिटली असती.

इजा हाताला असती तर मी इतके कळवळून लिहिले नसते, कारण तुटलेला हात न्यायाधीशांना दिसतो. आपले यजमान मात्र न्यायाधिकरणापुढे चालत येतील, नमस्कार करतील, स्वतःचे नाव-गाव बिनचूक सांगतील. आणि घरी पाठविताना दिलेल्या कागदावर ग्लासगो पट्टीवर १५ पैकी १५ असा शेरा असेल, तर कंपनीचे वकील तो मोठ्याने वाचतील. वास्तविक तो शेरा माणूस शुद्धीवर आहे एवढेच सांगतो. तो माणूस दहा कामगारांकडून काम करून घेऊ शकेल की नाही, हे सांगत नाही. त्यासाठी स्मृती, अवधान आणि निर्णयशक्ती यांची मज्जामानसशास्त्रीय तपासणी हवी, जी काही काळानंतर पुन्हा करावी लागते, कारण पहिल्या वर्षभरात चित्र पालटत असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच स्पष्ट केले आहे की दाखल्यावरील टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेची हानी या दोन गोष्टी एक नव्हेत. तेव्हा कारखान्याकडून यजमानांच्या जबाबदाऱ्यांचे पत्र घ्या, आणि घरात जे घडते ते तारीखवार वहीत टिपून ठेवा, मुलांवर धावून गेल्याच्या नोंदीसकट. लाज वाटेल, तरी लिहा.

म्हणून अर्ज त्वरेने आणि तडजोड सावकाश, असा क्रम ठेवा. अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण दुसऱ्यांच्या दाव्याच्या निकालावर आपला दावा टांगून ठेवण्यात शहाणपण नाही. आपल्या हाती दोन महिने उरले आहेत आणि अर्ज आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही करता येतो. पुढे लोकअदालतीचे बोलावणे येईल. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असून त्यावर अपील नाही, हे जाण्यापूर्वी लक्षात असू द्या. टक्केवारीवर दावा चालवितो म्हणणाऱ्याला दारात उभे करू नका. स्त्री म्हणून आपणांस उत्पन्नाची अट न लागता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

कुलमुखत्यारपत्र नको. ज्याला हिशेब समजत नाही त्याने दिलेला अधिकार पहिल्याच आक्षेपात कोसळतो. बेशुद्धावस्थेतील रुग्णासाठी पत्नीला पालक नेमण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे, पण यजमान शुद्धीवर असल्यामुळे आपल्यासाठी २०१६ च्या अधिनियमातील कलम १४, म्हणजे मर्यादित पालकत्व, हाच योग्य मार्ग. त्यात पालकाने त्यांच्याशी विचारविनिमय करूनच निर्णय घ्यावयाचा असतो. दरम्यान त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला जाणार नाही, इकडे लक्ष ठेवा. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी नोकराला कलम २० चे संरक्षण आहे, खाजगी कारखान्यात ते आपोआप मिळत नाही.

मूळपेशी : शेत विकू नका.

गुरुवारी अधिकारी येतील तेव्हा त्यांना चहा द्या, कागदांची प्रत मागून घ्या आणि वकिलांना दाखवून लेखी कळवू एवढेच सांगा. सही कोणीही करावयाची नाही, पोच म्हणूनही नाही. त्या वेळी यजमान घरी नसतील तर उत्तम; दिरांना सांगून त्यांना सकाळीच मळ्याकडे न्यावे.