कर्णधाराची झोप

मुलांनो, नांदेड-लातूरच्या पटांगणांवर खो-खोचा सामना अटीतटीस आला, की सारा संघ कर्णधाराच्या मुद्रेकडे पाहू लागतो. तो गोंधळला, की सारेच गोंधळतात.

क्रिकेटमध्येही असेच घडते. २४ ऑगस्ट १९७१ हा लंडनच्या ओव्हल मैदानावरील कसोटी सामन्याचा अखेरचा दिवस होता. आदल्या दिवशी चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ गडी बाद केले आणि इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. विजयास १७३ धावा हव्या होत्या. भारताच्या २ बाद ७६ झाल्या होत्या. इंग्लंडच्या भूमीवर भारताने तोवर एकही कसोटी जिंकली नव्हती. केवढे हे दडपण!

त्यातच सकाळी प्रारंभीच कर्णधार अजित वाडेकर ४५ धावांवर धावबाद झाले. मुंबईचे हे शांत गृहस्थ आत परतले आणि चक्क झोपी गेले! कोणी यास बेफिकिरी म्हणेल; मला तो सोबत्यांवरील विश्वास वाटतो. आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या फलंदाजांना त्या झोपेने जो धीर दिला असेल, तो लांबलचक उपदेशाने खचितच मिळाला नसता.

सरदेसाईंनी ४०, विश्वनाथांनी ३३ धावा संयमाने जमविल्या. अखेर अबिद अलींनी चौकार मारला व भारताने ४ गडी राखून सामना जिंकला. ही वार्ता सांगण्यासाठी वाडेकरांना जागे करावे लागले.