सणासुदीचा ताण आणि नोकरदार कुटुंब

गणेशोत्सव ते दिवाळी हा काळ आनंदाचा खरा. परंतु ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील नोकरदार गृहिणीस तो दुहेरी श्रमाचा ठरतो. लोकलचा प्रवास चुकत नाही आणि चकल्यांचा घाणाही. डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर दिवाळीच्या सकाळी तरुणाई लोटते, तेव्हा तिच्या आया बहुधा स्वयंपाकघरात असतात. फराळ विकत आणण्यात कमीपणा कसला? घरकाम पुरुषांनीही वाटून घ्यावे, खर्चाची मर्यादा आधीच ठरवावी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये, सवलतीचे दिवस वगळता, रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. वृद्ध व रुग्णांच्या झोपेसाठी मंडळांनी ती कटाक्षाने पाळावी. निद्रानाश वा उदासी दोन आठवडे टिकल्यास १९०१ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच. शिवाय ‘टेलिमानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.