पहिलीपासून इंग्रजी, तरी सहावीत बोलता का येत नाही?

प्रश्न : माझी मुलगी गावातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला आहे. इंग्रजीचा धडा ती न अडखळता वाचते, शब्दार्थ पाठ आहेत, चाचणीत गुणही बरे पडतात. पण सुट्टीत पुण्याहून आलेल्या भाच्याने दोन साधे प्रश्न इंग्रजीत विचारले, तर तिच्या तोंडून शब्द फुटेना. पहिलीपासून इंग्रजी असूनही असं का होतं? आता उशीर झाला का? इंग्रजी माध्यमात घालावं का?
— एक पालक, विंचूर (ता. निफाड)

उत्तर : ताई, उशीर मुळीच झालेला नाही, आणि माध्यमही बदलू नका. आता का ते सांगतो.

आधी तुमच्या मुलीला दोषमुक्त करू. ती एकटी नाही. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या अहवालासाठी 2022 साली झालेल्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली पाचवीची जेमतेम चौथा हिस्सा मुलं इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचू शकली, आणि आठवीतही हे प्रमाण निम्म्याच्या आतच राहिलं. हे नुसत्या वाचनाचं झालं. बोलणं तर पुढचं. तुमची मुलगी धडा न अडखळता वाचते म्हणजे ती बऱ्याच जणांच्या पुढे आहे.

मग अडतं कुठे? साधा हिशेब करा. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला एका शिक्षकामागे 35 मुलं धरली आहेत. तास धरा 35 मिनिटांचा. शिक्षक एक अक्षर न बोलता प्रत्येकाला बोलायला लावतील असं मानलं, तरी एका मुलाच्या वाट्याला एक मिनिट येतं. प्रत्यक्षात धडा वाचून दाखवणं, अर्थ सांगणं, फळ्यावरची उत्तरं वहीत उतरवून घेणं यातच तास संपतो. मूल इंग्रजी ऐकतं आणि लिहितं. स्वतःचं म्हणून एखादं वाक्य जुळवायची पाळी त्याच्यावर येतच नाही. पाच वर्षं असं गेल्यावर भाच्यासमोर गप्प बसणं साहजिक आहे.

जे थोडं बोलणं होतं, तेही कसं असतं बघा. बाई हातात पेन धरून विचारतात, ‘व्हॉट इज धिस?’ सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, ‘धिस इज अ पेन.’ ते पेन आहे हे बाईंनाही दिसतं आणि मुलांनाही. कोणालाच काही कळून घ्यायचं नसतं. भाच्याचे प्रश्न मात्र खरे होते, त्याला उत्तर हवं होतं. असा प्रश्न तुमच्या मुलीला वर्गात क्वचितच भेटला असेल.

यावर आपल्याच देशात मोठं काम झालं आहे. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर, मद्रास आणि आसपासच्या साध्या शाळांतून एक प्रयोग केला. व्याकरण आधी आणि बोलणं नंतर हा क्रम त्यांनी सोडला. मुलांना रेल्वेचं वेळापत्रक किंवा नकाशा द्यायचा, त्यातून सोडवायचं एक कोडं द्यायचं, आणि ते इंग्रजीतूनच सोडवून घ्यायचं. मुलांचं लक्ष कोड्याकडे राही, आणि ते सोडवण्याच्या नादात भाषा आत उतरत जाई. आज जगभर ‘टास्क’वर आधारित शिकवणं म्हणतात त्याच्या मुळाशी हा प्रयोग आहे. आपल्या राज्यातही 2016 पासून ‘तेजस’ या इंग्रजी अध्यापनाच्या प्रकल्पात शिक्षकांचे छोटे गट एकत्र बसून वर्गात काय करून पाहिलं यावर बोलू लागले. तेव्हा हे आपल्या शिक्षकांना अगदी परकं नाही.

विंचूरच्या शाळेला तर असं कोडं गावातच मिळतं. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार तुमच्या गावात आहे, आणि कांद्याचे किमान, कमाल, सरासरी भाव निम्म्या घरांत रोज बोलले जातात. दोन मुलांची जोडी करायची. एकाच्या कागदावर विंचूरचे भाव, दुसऱ्याच्या कागदावर लासलगावचे. एकमेकांचा कागद बघायचा नाही. विचारून विचारून ठरवायचं, आज ट्रॉली कुठे न्यायची.

एक मूल म्हणेल, ‘व्हॉट मॅक्सिमम प्राइस विंचूर?’ वाक्य मोडकं आहे, पण प्रश्न खरा आहे. दुसरं कागदावर 1275 बघतं. घरी ऐकलेलं ‘पावणेतेराशे’ आधी ओठांवर येतं, मग थांबून, मनाशी जुळवून ते म्हणतं, ‘वन थाउजंड टू हंड्रेड सेव्हन्टी फाइव्ह.’ इथे मुलं हमखास अडखळतात, कारण पंचाहत्तर म्हणताना आपण आधी पाच उच्चारतो आणि इंग्रजीत आधी सत्तर येतात. बाईंनी मध्येच ‘चूक’ म्हणून थांबवायचं नाही. जवळून जाताना तेच वाक्य नीट करून परत म्हणायचं, ‘ओह, व्हॉट इज द मॅक्सिमम प्राइस इन विंचूर?’ बस्स. मूल मान डोलावतं आणि पुढच्या वेळी त्यातलं ‘इज’ किंवा ‘इन’ आपसूक उचलतं. नियम मग आठवड्याच्या शेवटी फळ्यावर मांडला, तर तो मुलांना ओळखीचा वाटतो.

आणि पुन्हा हिशेब करा. दहा मिनिटं जोड्यांनी काम झालं, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. आधीच्या एका मिनिटाच्या पाचपट, आणि तीही घोकलेली नाहीत. वर्गात गलका होईल. तो होऊ द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. शांत वर्गात इंग्रजी बोलता येत नाही.

आता वयाचं. जून 2000 पासून आपल्याकडे पहिलीला इंग्रजी आलं. त्याआधी पाचवीत सुरुवात व्हायची. तुम्ही स्वतःही बहुधा त्यातल्याच. लवकर सुरू केलं की आपोआप येतं, हा तेव्हापासूनचा समज. पण बार्सिलोनात संशोधक कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठव्या आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या शाळकरी मुलांची तुलना केली. तासांची संख्या सारखी ठेवून पाहिलं, तेव्हा उशिरा सुरू केलेली मुलं पुढे होती. आठवड्याला मोजकेच तास मिळत असतील, तर अकरा-बारा वर्षांचं मूल जास्त वेगाने शिकतं. त्याला तर्क करता येतो, दोन भाषांतला फरक डोळ्यांना दिसतो, आणि मुख्य म्हणजे आपल्या भाषेत वाचायला आलेलं असतं.

म्हणूनच माध्यम बदलू नका म्हणतो. मराठीत गोष्टीचं सार काढणं, परिच्छेदातून मुद्दा शोधणं ज्याला जमतं, त्याला तेच इंग्रजीत करायला नवे शब्द लागतात, नवी बुद्धी लागत नाही. सहावीत अचानक इतिहास, भूगोल, विज्ञान सगळंच इंग्रजीत आलं तर विषयही सुटतो आणि भाषाही. शाळेत सेमी इंग्रजीची सोय असेल तर तो वेगळा विचार; गणित-विज्ञान तिला आवडत असेल तर जरूर करावा. बारा काळांचे तक्ते घोकून घेणाऱ्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासवर मात्र एवढ्यात पैसे घालू नका.

घरी काय करता येईल? ‘प्रथम बुक्स’चं ‘स्टोरीवीव्हर’ मोबाइलवर फुकट आहे. त्यात अनेक गोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही. एक गोष्ट आधी मराठीत वाचू द्या, मग तीच इंग्रजीत, मोठ्याने. रोज पंधरा मिनिटं पुरेत. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी चालेल: तिला गोष्ट इंग्रजीत सांगायला लावा आणि तुम्ही मराठीत विचारा, ‘मग पुढे?’ चुका काढू नका. भाच्याला फोन करून आठवड्यातून एकदा तिच्याशी दहा मिनिटं बोलायला सांगा, पण त्याने तिची परीक्षा घ्यायची नाही. त्याला विंचूरच्या बातम्या विचारू द्या, तिला पुण्याच्या.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. तुम्ही सदस्य नसाल तर जी ओळखीची असेल तिला गाठा. पुढच्या बैठकीत एकच विचारा: इंग्रजीच्या तासाला आमचं मूल स्वतः किती मिनिटं बोलतं? बाईंवर आरोप म्हणून नव्हे, त्यांना साथ म्हणून. जोड्यांच्या कामासाठी बाजारभावाचे कागद, रेल्वेचं वेळापत्रक, दुकानांच्या पावत्या लागतील. त्या गोळा करून द्यायची जबाबदारी तुम्ही पालकांनी घ्या.