मुलाचे वाद्य आणि पालकांचा सहभाग : हार्पच्या निमित्ताने

औषध लिहून दिल्यावर पालक आम्हांस तीन प्रश्न हमखास विचारतात : किती द्यायचे, किती वेळा द्यायचे आणि किती दिवस? नामपल्लीतील माझ्या बालरुग्णांच्या पालकांना मुलाला वाद्य शिकवावयाचे असते, तेव्हा मात्र ते केवळ वय आणि फी विचारतात. ‘घरी आम्ही काय करावयाचे?’ हा प्रश्न क्वचितच येतो. वर्ष-दोन वर्षांत वाद्य कपाटावर जाऊन बसते आणि ‘याला आवडच नाही’ असा शेरा मुलाच्या नावावर पडतो. हे निदान बहुधा घाईचे असते. म्हणून या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करावा, असे वाटले.

हार्प आपल्याला परके नाही

उदाहरणासाठी मी हार्प हे वाद्य घेतले आहे. नाव विलायती असले, तरी धनुष्याकृती चौकटीत तारा ताणलेले हे वाद्य प्राचीन भारतात ‘वीणा’ याच नावाने ओळखले जाई. चौथ्या शतकातील सम्राट समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यांवर तो अशीच वीणा वाजवीत बसलेला दिसतो. आंध्रातील अमरावतीच्या शिल्पांत ती आहे आणि तमिळ संघम साहित्यातील ‘याळ’ हे त्याच कुळातले वाद्य. पुढे आपल्याकडून ते लोपले. म्यानमारमध्ये मात्र ‘साउंग’ या नावाने आजही वाजते. आपल्या गायकांच्या मांडीवरील स्वरमंडळ हे हार्पचे दूरचे नातलगच म्हणावे लागेल.

आजच्या मोठ्या पाश्चात्त्य हार्पला ४७ तारा आणि ७ पेडल असतात. मुलांसाठी लहान हार्प मिळतात. त्यांत प्रत्येक तारेला एक खटका असतो व तो वर केला की स्वर अर्ध्या पायरीने चढतो. ‘सी’ स्वराच्या तारा तांबड्या आणि ‘एफ’च्या काळ्या किंवा निळ्या असल्याने लहान मुलालाही खूण सापडते. वाद्य उजव्या खांद्यावर टेकवून दोन्ही हातांची चार-चार बोटे वापरतात. करंगळीला काम नसते. तार छेडल्यावर बोट तळव्याकडे मिटायचे, ही पहिली सवय.

सुझुकी यांचा विचार

पालकांच्या सहभागाचा शास्त्रशुद्ध विचार जपानचे व्हायोलिनवादक शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी केला. त्यांचे निरीक्षण साधे होते : जपानमधील प्रत्येक मूल जपानी भाषा सफाईने बोलते. ती त्याला व्याकरण शिकवून येत नाही; घरात ती सतत कानांवर पडते, आई प्रत्येक शब्दाचे कौतुक करते आणि मूल तेच शब्द पुनःपुन्हा वापरते. मग संगीत याच मार्गाने का येऊ नये? दुसऱ्या महायुद्धानंतर मात्सुमोतो येथे त्यांनी या विचारावर शिक्षण सुरू केले. व्हायोलिनपासून निघालेली ही पद्धत पुढे हार्पसह अनेक वाद्यांना लागू झाली.

या पद्धतीत आई किंवा वडील शिकवणीला मुलासोबत बसतात, टिपणे घेतात आणि आरंभीचे पाठ स्वतः वाजवून पाहतात. पालक वाजवताना पाहून मुलालाच हात लावावासा वाटतो. शिकावयाची धून घरात रोज ऐकवली जाते, जुने पाठ कधीच टाकून दिले जात नाहीत आणि नोटेशन वाचणे कान तयार झाल्यावर येते.

माझ्या भाचीची मुलगी इंग्लंडमध्ये अशा रीतीने हार्प शिकते. तिचे वडील भूलतज्ज्ञ आहेत. त्यांच्याकडे राहावयास गेलो असता मी पाहिले, की रात्रपाळी करून आलेला हा गृहस्थ रोज पंधरा मिनिटे मुलीशेजारी स्टुलावर बसतो, फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि एका वेळी एकच गोष्ट सांगतो. ‘आज फक्त अंगठा वर राहील असे पाहू,’ एवढेच. चुका मोजण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतलेले नाही.

आपल्या परंपरेतील आई

हे सारे आपल्याला नवे आहे काय? किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) यांच्या पहिल्या गुरू त्यांच्या आईच, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर. आईच्या मैफलींत तानपुऱ्याच्या साथीला बसता बसता मुलीचे कान घडले. विशेष म्हणजे, स्वतः जयपूर-अत्रौली घराण्याच्या श्रेष्ठ गायिका असूनही मोगूबाईंनी मुलीला अंजनीबाई मालपेकर यांच्यासारख्या अन्य गुरूंकडेही शिकू दिले. पालकाने किती धरावे आणि केव्हा सोडावे, याचा हा वस्तुपाठ आहे. संतूरवादक शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) यांच्या हाती संतूर दिले तेही त्यांच्या वडिलांनीच.

आपण सारे मोगूबाई नाही, हे खरे. परंतु सुझुकींच्या पद्धतीत पालकाला संगीत येण्याची अट नाही. रोज शेजारी बसण्याची आहे.

वैद्यकीय बाजू

१९९५ साली जर्मनीतील संशोधकांनी दाखवले, की तंतुवादकांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांचे संवेदनक्षेत्र इतरांपेक्षा मोठे असते आणि लहानपणी सुरुवात केलेल्यांत हा फरक अधिक दिसतो. २००९ च्या एका अभ्यासात सुमारे सहा वर्षांच्या मुलांच्या मेंदूरचनेत पंधरा महिन्यांच्या वाद्यशिक्षणानंतर बदल आढळले. यावरून ‘वाद्य शिकवा, गणितात गुण वाढतील’ असा निष्कर्ष मात्र काढू नये. तेवढा पुरावा नाही आणि संगीताला त्या शिफारशीची गरजही नाही.

वाढत्या शरीराची काळजी मात्र अवश्य घ्यावी. पाय लोंबकळत राहिले तर पाठ वाकते. पायांखाली पाट द्यावा. वाद्याचा भार खांद्यावर पेलू नये, ते नुसते टेकावे. आरंभी बोटांची टोके हुळहुळतात, हे स्वाभाविक आहे. पण मनगट वा खांदा दुखू लागल्यास सराव थांबवून बैठक तपासावी. दुखणे सोसून वाजवणे ही साधना नव्हे.

पालकांसाठी काही सूचना

१. मात्रा अल्प ठेवावी, पण नित्य द्यावी. पाच वर्षांच्या मुलाला रोजची दहा मिनिटे रविवारच्या दोन तासांपेक्षा अधिक गुणकारी असतात.

२. वेळ ठरलेली असावी. दात घासण्याइतकी सहज.

३. आधी जमले ते सांगावे, मग एकच दुरुस्ती सुचवावी.

४. पाहुण्यांसमोर ‘वाजवून दाखव’ असा हुकूम करू नये.

५. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये.

६. दहा-बारा वर्षांच्या सुमारास मूल स्वतःचा सराव स्वतः आखू लागले, की आपण खुर्ची हळूहळू दाराकडे सरकवावी.

नामपल्लीत हार्प मिळणे अवघड. पण हार्मोनियम, सतार, तबला, व्हायोलिन यांपैकी काहीतरी अनेक मराठी घरांत आहे. वरील सूचना त्या सर्वांना लागू पडतात. आपल्या व्यवसायात वेळेची चणचण असते, हे मी जाणतो. तरीही दिवसाकाठी पंधरा मिनिटे काढणे कोणत्याही डॉक्टरला अशक्य नाही. मूल पुढे वादक होईल वा न होईल. बाबा रोज माझ्याशेजारी बसत आणि मन लावून ऐकत, एवढे त्याच्या स्मरणात राहिले तरी ती पंधरा मिनिटे सार्थकी लागली असे समजावे.