खड्याची चांदीची अंगठी : ग्रामीण सोनारकामाचा एक धडा

नगर-पुणे रस्त्यावरील सुपा हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे सर्वांना ठाऊक आहे. ज्या पारनेर तालुक्यात ते वसले आहे त्याची जमीन मात्र दख्खनच्या काळ्या पाषाणाची. हा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यातील वायूंच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपणाऱ्या पाण्याने गारगोटी, अकीक अशी खनिजे साठविली. पाषाण झिजून माती होतो, ही कठीण खनिजे मात्र टिकतात. म्हणूनच दख्खनच्या पठारावर नांगराच्या फाळाखाली असे खडे वर येतात आणि बांधावर फेकले जातात.

या खड्यांचे मोल ओळखणारे लोक येथे फार पूर्वी होऊन गेले. याच जिल्ह्यातील नेवासे आणि दायमाबाद येथील उत्खननांत अकीक व तांबड्या कार्नेलियन खड्यांचे मणी मिळाले आहेत. गुजरातमधील खंबायत येथे अकीक कापून त्याला जिल्हई देण्याचा धंदा आजही चालतो.

अंगठीसाठी प्रत्येक सुंदर खडा योग्य नसतो, ही गोष्ट प्रथमच ध्यानी घेतली पाहिजे. राहुरी तालुक्यातील मोमीन आखाडा येथील हिरवट अपोफिलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले. पण हे खनिज मऊ असून एका प्रतलात सहज दुभंगते. ते कपाटात ठेवावे, बोटात नव्हे. अकीकाची कठीणता साडेसहा ते सातच्या दरम्यान, म्हणजे साध्या लोखंडाहून अधिक असते. त्यामुळे तो रोजच्या कामात ओरखडत नाही. त्याच गुणामुळे सोनाराची ओपणी, म्हणजे चकाकी आणण्याचे हत्यार, पुष्कळदा अकीकाचीच असते.

आता धातूविषयी. शुद्ध चांदी इतकी मऊ की तिची अंगठी लवकर वाकते. म्हणून हजार भागांत 925 भाग चांदी आणि 75 भाग तांबे असा मेळ करतात. शुद्ध चांदी सुमारे 962 अंश सेल्सिअसला वितळते, हा मेळ त्याहून काहीसा लवकर. मुशीत टाकणखाराची चिमूट टाकून धातू वितळवितात, तेल लावलेल्या लोखंडी साच्यात ओततात आणि ऐरणीवर ठोकून पट्टी करतात. ठोकताना धातू ताठर होतो. तरीही ठोकत राहिल्यास त्याला चिरा पडतात. म्हणून मधूनमधून तो मंद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. ही लाली अंधाऱ्या कोपऱ्यातच नीट दिसते. जुन्या सोनारांची बागेसरी घराच्या सावलीत असे, त्याला हेही एक कारण आहे.

पट्टीची लांबी अंदाजाने घेण्याची सवय सोडावी. बोटाच्या मापाचा आतील व्यास 18 मिलिमीटर आणि पट्टीची जाडी दीड मिलिमीटर असेल, तर दोहोंच्या बेरजेला 3.14 ने गुणावे. उत्तर सुमारे 61 मिलिमीटर येते. जाडी मिळविली नाही तर अंगठी बोटात शिरत नाही. वर्तुळाचा परीघ शिकविणाऱ्या शिक्षकाला याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल. चार मिलिमीटर रुंदीच्या अशा पट्टीचे वजन सुमारे पावणेचार ग्रॅम भरते. खड्याचे घर आणि तळपत्रा मिळून अंगठी पाच ग्रॅमच्या आतबाहेर जाते.

घरासाठी शुद्ध चांदीची पातळ पट्टी घ्यावी, कारण तिची कड खड्यावर सहज दाबता येते. दहा मिलिमीटरच्या गोल खड्यास सुमारे 32 मिलिमीटर पट्टी लागते. डाख देण्याचा क्रम चुकला की सारे काम उकलते. कड्याचा आणि घराचा सांधा उशिरा वितळणाऱ्या डाखाने, घर व तळपत्रा त्याहून लवकर वितळणाऱ्याने, आणि शेवटी तळपत्रा कड्याला सर्वांत लवकर वितळणाऱ्या डाखाने जोडावा. म्हणजे नवा सांधा देताना जुना सुटत नाही. बाजारात मिळणाऱ्या काही डाखांत कॅडमियम असते. त्याचा धूर फुप्फुसांना व मूत्रपिंडांना घातक आहे. बंद खोलीत फुंकणी लावून बसणाऱ्या कारागिराने कॅडमियमविरहित डाखच मागून घ्यावा. थोडी महाग पडली तरी ही काटकसरीची जागा नव्हे.

यानंतर सौम्य गंधकाम्लाने काळेपणा काढावा, कानस फिरवावी, जिल्हई द्यावी. खडा अगदी शेवटी. अकस्मात उष्णता लागल्यास अकीकालाही तडा जातो, त्यामुळे खडा बसविल्यावर पुन्हा जाळ दाखविता येत नाही. कड दाबताना प्रथम एक बाजू, मग तिच्या समोरची, असे चार दिशांनी दाबत जावे. सलग एकाच अंगाने गेल्यास खडा तिरका बसतो.

हे काम जाणणारे हात खेड्यांत कमी होत चालले आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीसारख्या ठिकाणी चांदीकामाची वस्तीच्या वस्ती उभी राहिली. एकट्यादुकट्या खेड्यातील सोनार मात्र साच्यातील तयार मालापुढे मागे पडला. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सोनारकाम आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद करण्यात आली. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे ठेवण्यात आली, ही बाब महत्त्वाची. तयार दागिने आणून विकणारा दुकानदार आणि हाताने घडविणारा कारागीर यांतील फरक सरपंचाला कागदावरून कळणार नाही. कामाची जागा पाहावी, ऐरण वापरातली आहे की शोभेची ते पाहावे, आणि डाखाचा क्रम विचारावा.

ग्राहकासाठीही एक पद्धत रूढ व्हावयास हवी. खडा बसविण्यापूर्वीच अंगठीचे वजन करून ते पावतीवर लिहावे, म्हणजे खडा चांदीच्या भावाने विकला जात नाही. आणि घडणावळ निराळ्या ओळीत लिहावी, म्हणजे पाच ग्रॅम चांदीच्या किमतीत कारागिराचा अख्खा दिवस बुडून जात नाही.