वचनाची रोवणी

भंडारा,
जुलैचा दुसरा शुक्रवार

प्रिय बाळ,



पुढच्या रविवारी गावाकडच्या मंडळीत तू पहिल्यांदा संदेश देणार, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. पेरणाऱ्याचा दाखला घेतला आहेस आणि चार दिवस टिपणं काढतो आहेस, हेही कळलं. तुझ्या अभ्यासाची मला काळजी नाही. काळजी आहे ती समोरच्या बाकांची. तिथे कोण बसणार, कशा मनाने बसणार, आणि त्यांच्यासाठी तू देवाजवळ काय मागितलंस, याबद्दल तू आईजवळ काहीच बोलला नाहीस म्हणे.

गावात रोवणी सुरू आहे. आठवडाभर बांधीत वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाया रविवारी अवघडल्या कंबरेने येऊन बसतील. त्यांना दाखल्यातले जमिनीचे प्रकार तू काय सांगणार? कन्हार कुठे, मोरांड कुठे, सिहार कशी, बर्डीत काय येतं नि काय येत नाही, हे त्यांना पायाखाली कळतं. पण आपला शेतकरी बर्डीला शिव्या देत बसत नाही, एवढं लक्षात घे. तो धुरे बांधतो, तलावाचं पाणी आणतो, चिखलणी करतो. येशूने हा दाखला ऐकणाऱ्यापुढे ठेवला तो ज्याने त्याने आपलं मन तपासावं म्हणून. आपण संदेश देणारे मात्र तो हातात काठीसारखा धरतो. वचन रुजलं नाही की म्हणतो, यांची मनंच खडकाळ. मीही अनेक वर्षं असं म्हणालो आणि त्याची मला आज लाज वाटते.

त्या वर्षांतली एक गोष्ट सांगतो. एका गावी शेवटच्या बाकावरची एक म्हातारी मी बोलत असताना सारखी ओठ हलवायची. मला वाटलं, शेजारणीशी कुजबुजते आहे. मी दोनदा थांबून तिच्याकडे रोखून पाहिलं. उपासना संपल्यावर ती स्वतःच जवळ आली. तिचा मुलगा दारूच्या नादाने घर सोडून गेला होता. मी म्हणत होतो, देव सहनशील आहे. ती मनात म्हणत होती, माझ्या पोरासाठीही राहा, बाप्पा. मी म्हणत होतो, मेंढपाळ हरवलेलं मेंढरू शोधतो. ती त्या मेंढराला पोराचं नाव देत होती. माझं एकेक वाक्य उचलून ती देवाकडे परत पाठवत होती. संदेश मी अर्धाच दिला होता, उरलेला तिने पुरा केला. आणि मी तिच्याकडे डोळे वटारले होते.

लुदियाची गोष्ट पुन्हा वाच, प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय. फिलिप्पैला पौल बोलला, पण तिचं अंतःकरण उघडलं ते प्रभूने, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. आणि ती होती कुठे? नदीकाठी, प्रार्थनेच्या जागी. पौल पोहोचण्याआधीच ती तिथे येऊन बसली होती.

कवी ना. वा. टिळकांचं जीवन तू वाचलं आहेस. आता ते ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहा. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका परक्या सहप्रवाशाने त्यांच्याशी संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या आणि नवा करार हातात दिला. ती गाडी आपल्याच जिल्ह्यातून, वरठीवरून आणि तुमसरवरून जाते. मी त्या वाटेने जातो तेव्हा दर वेळी हे आठवतं. त्या माणसाने लांबलचक उपदेश केला नाही. टिळक हाती पेन्सिल घेऊन वाचत गेले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन त्यांना पुस्तक सोडवेना. सुमारे दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 1895 रोजी, मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या मनाची नांगरणी कधीपासून चालली होती? टिळक स्वतः सांगत, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो. पुढे त्यांनी आपल्या मंडळ्यांसाठी कीर्तन स्वीकारलं, ते मला फार मोलाचं वाटतं. कीर्तनात ऐकणारा तोंड मिटून बसत नाही. तो टाळी धरतो, धृपद उचलतो. आणि एवढ्या मोठ्या वक्त्यालाही स्वतःच्या घरात थांबावं लागलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 साली झाला, मधली पाच वर्षं कुणाच्या वक्तृत्वाने कमी झाली नाहीत.

केडगावचंही सांगून ठेवतो. 1905 च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमधल्या मुलींना विचारलं, जागृतीसाठी रोज माझ्याबरोबर प्रार्थना कोण करील? 70 जणी पुढे आल्या. जूनअखेर ती जागृती सुरू झाली तेव्हा दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या 550 झाली होती. एरवी बाकांवर बसून ऐकणाऱ्याच त्या मुली. त्यांना आधी गुडघ्यांवर येण्याचं बोलावणं मिळालं होतं.

म्हणून माझं ऐक, बाळा. दाखल्यातल्या पेरणाऱ्याने बी फेकलं, आपल्याकडे आवत्या करतात तसं. तू प्रार्थनेत मात्र रोवणी कर. वाकून, एकेक रोप हाताने. पाळकांना फोन करून विचार, सध्या कोण आजारी आहे, कुणाच्या घरी भांडण आहे, कुणाचं धान गेल्या वर्षी बुडालं. त्या नावांसाठी आजपासून रोज प्रार्थना कर. मग टिपणातली निम्मी वाक्यं तुला आपोआप नकोशी होतील. आणि मंडळीतल्या लोकांनाही तुझ्यासाठी प्रार्थना करायला सांग, संकोच करू नकोस. पौल अनेक मंडळ्यांना हेच विनवत असे. शलमोनाने देवाजवळ काय मागितलं होतं ठाऊक आहे ना? मूळ हिब्रूत त्या शब्दांचा अर्थ होतो, ऐकणारं हृदय. राजाने ते मागितलं. व्यासपीठावर चढण्याआधी तूही ते माग, कारण त्या मंडळीतला पहिला श्रोता तूच आहेस.

कुणाला डुलकी लागली तर रागावू नकोस. पौल बोलत असताना युतुख नावाचा तरुण झोप लागून खिडकीतून खाली पडला, तेव्हा पौल बोलणं थांबवून खाली धावला आणि त्याने त्याला कवेत घेतलं.

तुझी मामी म्हणते, बुधवारच्या प्रार्थनासभेत आम्ही तुझं नाव घेऊ. शनिवारी रात्री फोन करून मला फक्त अध्याय आणि ओव्या सांग, संदेश सांगू नकोस. रविवारी पहाटे तेवढ्याच ओव्या उघडून मी बसेन. आणि शेवटच्या बाकावर कुणाचे ओठ हलताना दिसले, तर तिला तसंच राहू दे.

तुझा,
मामा